परसातली पंगत

एका गावात एक वाढपीण होती. गावाचं नाव विचारू नका. होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागतो अशी गावं पुष्कळ, त्यातलंच एक समजा. लग्न असो, बारसं असो की कुणाचं तेरावं, पंगत बसली की बायकांच्या बाजूला वाढायला हिलाच बोलावणं यायचं. कारण तिचा हात. पाटलिणीच्या पानात जेवढी भाजी पडे तेवढीच गोवऱ्या थापणारीच्या पानात पडे. ओळीतलं एकही पान ती चुकवत नसे, आणि ओळखीची दिसली म्हणून कुणाला चमचाभर जास्त देत नसे. "वाढपिणीची पळी कुणाचं तोंड बघत न्हाई," असं बायका म्हणत. ते ऐकून तिला बरं वाटे. का वाटू नये? माणसाला आपल्या हातचं एवढं तरी कौतुक हवंच असतं.

तिचं घर लहान, पण मागचा परस ऐसपैस होता. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत झाडांची एक ओळ होती. दाराशी तोंडलीचा वेल, त्याचा मांडव पार स्वयंपाकघराच्या कौलांवर आलेला. मग लिंबोणी, मग पपई, केळ, पेरू, जास्वंद, अबोली. आणि अगदी शेवटी, कुंपणाला टेकून, मोगरा. घरात भाजी नसली तर वाढपीण नुसता हात वर करायची आणि मांडवातून मूठभर तोंडली काढायची. उन्हाळ्यात त्याच मांडवाच्या सावलीमुळे घरात बसवत असे, नाहीतर दुपारी कौलं तव्यासारखी तापत.

मोगरा तिच्या लेकाने लावला होता. लग्न होऊन सून घरात आली त्या वर्षी. बायकोच्या वेणीला विकतचा गजरा कशाला, घरचा असावा, म्हणून कुठूनशी फांदी आणून त्याने ती खोचली होती. मोगऱ्याने दोन उन्हाळे भरभरून फुलं दिली. मग कार्तिकात लेकाला ताप आला, आणि चार दिवसांत तो गेला.

मागे राहिल्या दोघी, सासू आणि सून. सुनेला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिच्या माहेरची विहीर या गावातल्या विहिरीच्याही आधी आटली होती. वाढपीण म्हणाली, "इथंच होऊ दे पोरी. म्या हाय." त्यावर सुनेने होकाराची मान डोलावली. त्या घरात त्या दिवसांत याहून जास्त बोलणं होत नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. चैत्र सुरू झाला आणि गावाने पाणी वाटून घ्यायचं ठरवलं. घर लहान असो की मोठं, रोज दोन घागरी. वाढपिणीने एका घागरीतून दोघींच्या पिण्याची दोन मडकी भरायला सुरुवात केली, दोन्ही सारख्या मापाची, एक आपलं आणि एक सुनेचं. उरलेल्या पाण्यात रांधणं. दुसऱ्या घागरीतून अंग धुणं आणि भांडी, आणि त्यातून जे वाचेल ते परसाला.

शेजारी एक म्हातारा राहायचा. त्याला सगळे तात्या म्हणत. पाण्याची वाटणी ठरली त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्याने कोयता घेतला आणि आपल्या परसातली केळ तोडली, पेरू तोडला, डाळिंब तोडलं. एक रामफळ तेवढं ठेवलं. वाढपीण कुंपणापाशी धावत गेली.

"तात्या, अवो हातानं लावलेली झाडं हातानंच तोडताय? पंगतीला बसलेल्याला कुणी उठवतं का?"

तात्याने कोयता जमिनीला टेकवला. "पाणी पुरायचं न्हाई, बाई."

"न्हाई पुरलं तर थोडं थोडं वाढावं. पर समद्यांना वाढावं!"

 केळीचे तुकडे ओढत नेऊन तात्याने ते रामफळाच्या बुडाशी अंथरले. वाढपीण तणतणत घरात आली आणि सुनेला म्हणाली, "माणूस म्हातारा झाला की त्याचं काळीजबी वाळतं का गं?"

तेव्हापासून रोज ऊन उतरलं की ती तांब्या घेऊन परसात जायची. दारापासून सुरुवात करायची आणि ओळीने जायची. प्रत्येक झाडाला एक तांब्या. तोंडलीला एक, लिंबोणीला एक, पपईला एक, असं करत शेवटी मोगऱ्याला एक. पंगतीत वाढताना म्हणावं तसं ती झाडांनाही म्हणायची, "घ्या, सावकाश घ्या. उद्या पुन्ना येते." एखाद्या दिवशी पाणी कमी असलं तर तांब्या अर्धा भरायची, पण सगळ्यांसाठी अर्धा.  लेकाच्या झाडाला थोडं जास्त ओतावं असं फार वाटायचं. पण ती ओतायची नाही. आपण कुणाला जास्त दिलं नाही याचं तिला समाधान होतं, आणि त्या समाधानावर तिला झोप लागत असे.

सगळ्यात आधी अबोली गेली. मग पपईची पानं एकेक करून लोंबली आणि गळाली. वाढपीण म्हणाली, ऊनच तसं आहे. पेरूची पानं करपली तेव्हाही ती तेच म्हणाली. मग तोंडलीच्या मांडवावर पिवळेपणा दिसू लागला. तोंडली बोटाच्या पेराएवढी राहू लागली, आणि तीही कडू. मांडवाला भोकं पडावीत तसे उन्हाचे कवडसे मागच्या दारातून स्वयंपाकघरात येऊ लागले. लिंबोणीने बोराएवढी लिंबं खाली टाकली. आणि घरात सूनही वाळत चालली होती. तिचे डोळे आत गेले, ओठ फुटले. पोट तेवढं वाढत होतं. तिचं मडकं दुपार कलायच्या आत रिकामं झालेलं असायचं. वाढपिणीला वाटायचं, दोन जिवांची बाई, तहान लागणारच. आपल्या मडक्यातलं थोडं ती पुढेही करायची. पण सून म्हणायची, "नको आत्या, तुमचं तुम्हाला. माझं मला पुरतंय." आणि वाढपीण मडकं मागे घ्यायची, कारण तिलाही वाटे, वाटणी ती वाटणी.

वैशाखात एके सकाळी केळ कोसळली. ती उपटून टाकावी म्हणून वाढपिणीने कुदळ घेतली. पहिलाच घाव घातला आणि ती थबकली. वरची माती ओली होती, पण किती? भाकरीच्या जाडीएवढी. तिच्या खाली नुसता भुगा, फुफाटा. केळीची मुळं पाण्याच्या आशेने वर आली होती आणि त्या पातळ थरातच भाजून निघाली होती. इतके दिवस ती रोज जे पाणी वाढत होती, ते कुणाच्या पोटात गेलंच नव्हतं. वरची माती ओली व्हायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन ते पिऊन टाकायचं.

तिने खुरपं घेतलं आणि ओळीने प्रत्येक बुंधा उकरून पाहिला. पेरू, जास्वंद, लिंबोणी. सगळीकडे तेच. तोंडलीच्या बुडाशी तर माती दगड झाली होती. मग ती शेवटी मोगऱ्याशी गेली. तिथे खुरपं आत गेलं. आणखी आत गेलं. हाताला माती थंड लागली, ओली लागली. आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की सगळा परस करपत असताना हा एकटा मोगरा हिरवा आहे, आणि त्याला कळ्या आल्या आहेत.

तिला काहीच उमजेना. आपल्या हातून तर एक तांब्यापेक्षा जास्त कधी पडलं नाही.

त्या दुपारी सगळं गाव दारं लावून पडलं होतं. वाढपीणही आडवी झाली होती, पण डोळा लागत नव्हता. मागचं दार वाजलं म्हणून तिने उठून पाहिलं. सून उन्हात अनवाणी चालली होती. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात तिचं पिण्याचं मडकं. कुंपणापाशी जाऊन ती हळूच खाली बसली आणि मडकं मोगऱ्याच्या बुडाशी ओतू लागली. सावकाश, एक थेंब बाहेर जाऊ न देता.

"पोरी, काय करतीस हे?"

सून दचकली. मडकं पदराआड लपवायला पाहू लागली, मग राहू दिलं.

"आत्या, तुम्ही समद्यांना एक तांब्या देता. ह्यालाबी तेवढाच. त्याला तो पुरत नव्हता. म्हणून म्या माझ्यातलं दिलं. तुमच्या वाटणीत हात घातला न्हाई."

"आन् तू काय पितीस?"

"मला कुठं येवढी तहान लागती."

असं म्हणून ती उठायला गेली. कुंपणाचा बांबू धरला, पण हात सुटला आणि ती तिथेच कोसळली. वाढपिणीने तिला कशीबशी ओढत मांडवाखाली आणलं, डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या मडक्यातलं पाणी घोट घोट करून तिच्या तोंडात घातलं. सून ते अधाशासारखी प्यायली. तहान लागत नाही म्हणणारी पोर, मडकं संपेपर्यंत प्यायली. मांडवातून पडलेला उन्हाचा कवडसा तिच्या पोटावर हलत होता आणि आत बाळही हललं. वाढपीण ते पाहत बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तिला तेव्हा कळलं, आपण इतके दिवस काय करत होतो ते. कुठलं झाड राखायचं आणि कुठलं सोडायचं, हे ठरवायचं तिच्या जिवावर आलं होतं. लेकाचा मोगरा सोड असं म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून ती सगळ्यांना सारखं वाटत होती. आपण ठरवलं नाही म्हणजे कुणीच ठरवलं नाही, असं तिला वाटत होतं. पण ठरवणं काही टळलं नव्हतं. ते या पोरीच्या गळ्याशी आलं होतं, आणि तिच्या पोटातल्या जिवाच्या.

सून सावध झाल्यावर तिला आत निजवून वाढपीण तात्याच्या दारात गेली. "तात्या, कोयता द्या."

तात्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता कोयता काढून दिला. ती वळली तेव्हा मागून म्हणाला, "डाळिंब माझ्या बायकोनं लावलेलं हुतं. मलाबी लई दिस घास गोड लागला न्हाई."

"तवा बोलला न्हाईत."

"बोलून कुणाला पटतंय, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाढपिणीने सुनेला हाताला धरून परसात आणलं. तिच्या पाठीमागे गुपचूप तोडता आलं असतं. पण ते तिला चोरीसारखं वाटलं.

"हा मोगरा माझ्या लेकानं लावला. म्या तोडते. शिव्या द्यायच्या तर मला दे."

सुनेने तिचा हात धरला. "आत्या, न्हाई. त्यांच्या हातचं येवढंच तर ऱ्हायलंय."

"तू मला येक गोष्ट सांग. तो आज असता तर त्यानं काय तोडलं असतं? हे झाड, का तुझं पाणी?"

 सुनेने हात सोडला आणि तोंड फिरवलं. वाढपिणीने आधी सगळ्या कळ्या खुडून सुनेच्या पदरात घातल्या. मग कोयता उचलला. जुनं, जाड लाकूड नव्हतं ते, दोन घावांत काम झालं. पण ते दोन घाव घालताना तिला काय झालं ते मी काय सांगू? ज्यांनी असं काही केलं असेल त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही.

सुनेने त्या कळ्या वेणीत माळल्या नाहीत. उंबऱ्यावर ठेवून ती आत गेली. संध्याकाळी त्या तिथेच उमलल्या आणि घरभर वास सुटला. त्या दिवशी दोघींपैकी कुणीही जेवलं नाही.

वाढपिणीने मोगऱ्यामागोमाग जास्वंद तोडली, वाळलेला पेरू तोडला. फक्त तोंडली आणि लिंबोणी ठेवली. त्या दोघींभोवतीची दगड झालेली माती तिने कुदळीने सोडवली, खोल आळी केली, आणि तोडलेल्या झाडांचा सगळा पाला, केळीच्या खोडाची सोपटं, मोगऱ्याच्या डहाळ्या, सगळं त्या आळ्यांत जाड अंथरलं. आता परसाचं सगळं पाणी एका दिवशी एकीला, दुसऱ्या दिवशी दुसरीला. पाल्याखाली हात घालून ती ते सावकाश ओतायची, माती पीत राहायची, वर एक थेंब दिसायचा नाही. आणि घरातली मडकीही तिने बदलली. मोठं सुनेला, लहान आपल्याला. सुनेने मडकं बाजूला सारलं तर ती समोर उभी राहायची आणि प्यायल्याशिवाय हलायची नाही.

सून पाणी प्यायची. तिच्या ओठांच्या भेगा भरल्या. पण सासूशी ती चकार शब्द बोलत नव्हती. वाढपिणीनेही तिला बोलायला लावलं नाही. संध्याकाळी तांब्या घेतला की पाय सवयीने कुंपणाकडे वळायचे, आणि मग तिथला खुंट पाहून ती परत फिरायची. कधी कधी रिकामा तांब्या घेऊन नुसतीच तिथे उभी राहायची.

मांडवाचा पिवळेपणा हळूहळू थांबला. मग एका सकाळी वेलाच्या शेंड्याला पोपटी पान दिसलं. पुढे मांडव पुन्हा दाटला आणि स्वयंपाकघरातला कवडसा बुजला. लिंबोणीने पुढची लिंबं धरून ठेवली. थोडीच होती, पण रसाची. जेठ लागला. पावसाला अजून अवकाश होता, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. त्या मांडवाच्या गारव्यात सुनेला कळा सुरू झाल्या. तिने सासूचा हात घट्ट धरला, पण हाक मारली ती आपल्या आईला. मुलगी झाली. नाकीडोळी बापासारखी, आणि रडायला खणखणीत.

गोष्ट इथवर आली की मुलं विचारतात, मग मोगरा परत फुटला का? काही जण सांगताना तो फुटवतात. मुलांना बरं वाटावं म्हणून सांगत असतील. पण मोगरा फुटला नाही. तोडलेलं झाड तोडलेलंच राहिलं, आणि वाढपिणीला ते जन्मभर दिसत राहिलं.

बाराव्या दिवशी बारसं केलं. आळीतल्या बायका मुलांना घेऊन आल्या, कुणी मूठभर तांदूळ आणले, कुणी शेवया. मांडवाखाली पानं मांडली. भात, आमटी, तोंडलीची भाजी, आणि प्रत्येक पानात डावीकडे वर लिंबाची एकेक फोड. शेवयांची खीर मात्र जेमतेम होती. वाढपिणीने पातेलं उचललं, ओळ पाहिली, आणि बायका वाट पाहू लागल्या, की आता प्रत्येकीच्या पानात चमचा चमचा पडणार. तिने सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं,

"बायांनो, खीर थोडी हाय. बाळंतिणीला पोटभर वाढणार, आन् पोरांना वाटी वाटी. बाकीच्यांच्या पानाला आज माझी पळी लागायची न्हाई. मला माफ करा."

 हिने असं कधी केलं नव्हतं. मग पोरांना वाढ म्हणत पाटलिणीने आपली वाटी पालथी घातली. तिच्या शेजारच्या बाईनेही घातली. वाढपीण सरळ सुनेच्या पानापाशी गेली आणि तिची वाटी काठोकाठ भरली. सुनेने खाली मान घालून ती खीर खाल्ली, शेवटच्या घोटापर्यंत.

सगळ्यांचं झाल्यावर वाढपीण एकटी जेवायला बसली. शेजारणीने तिचं पान वाढलं. भात, आमटी, भाजी, आणि लिंबाची एक फोड. पहिला घास घेणार तोच सून जवळ आली. पोर तिने एका हाताने छातीशी धरली होती. दुसरा हात पुढे करून तिने सासूच्या पानात काहीतरी ठेवलं. आपल्या वाटणीची लिंबाची फोड. तिने ती पिळली नव्हती, राखून ठेवली होती.

"भातावर पिळा, आत्या," ती म्हणाली. कोयता पडल्यापासून तेवढं पहिलं बोलणं.

वाढपीण पानाकडे पाहत राहिली. पंगतीत सगळ्यांच्या पानात एकेक फोड होती, आणि तिच्या पानात दोन होत्या. तिने दोन्ही भातावर पिळल्या आणि जेवली.

तात्पर्य एवढंच: जे पुरणारं आहे ते सगळ्यांना सारखं वाटावं. पण जिथे पुरणार नाही, तिथे थोडं थोडं वाटून कुणीच जगत नाही. तिथे काय राखायचं ते ठरवावं लागतं, आणि सोडलेल्याचं दुःख आपल्या अंगावर घ्यावं लागतं. ते आपण टाळलं तर घरातलं जे माणूस काही मागत नाही, त्याच्या तोंडचं पाणी जातं.